बटाट्यांसाठी पुढची तारीख

"आज काय निमित्त काढतो बघ हा," माझी अशील अ‍ॅडेल रेनुफ कोर्टात माझ्या कानाशी कुजबुजली. बाईंचं वय बहात्तर.

'हा' म्हणजे तिचा धाकटा भाऊ क्लेमां व्हिबर्ट; रेनुफ हे तिचं सासरचं आडनाव. वडिलांनी रोझेल गावातलं घर आणि समुद्राकडे उतरणारं शेत दोघांसाठी ट्रस्टमध्ये ठेवलं होतं. अ‍ॅडेलला ते विकायचं होतं, क्लेमांला राखायचं होतं. सुनावणी दोनदा पुढे गेली होती, दोन्ही वेळा त्याच्या गुडघ्यापायी.

क्लेमांने वकील लावला नव्हता. तो स्वतःच उभा राहिला.

"साहेब, बटाटे काढणीला आलेत. त्या उतारावर यंत्र चालत नाही, हातानेच काढावे लागतात. तीन आठवडे द्या."

"आधी गुडघा, आता बटाटे!" मी म्हणाले. "साहेब, ही निव्वळ टाळाटाळ आहे."

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "वकीलबाई, बटाटे कोणाचे?"

"ट्रस्टचे."

"म्हणजे तुमच्या अशिलाचेही. यांना ऐन काढणीत सुनावणीला अडकवून ठेवलं तर हंगाम दोघांचाही बुडेल. थांबल्याने मात्र तुमचं काही बिघडत नाही. तीन आठवडे दिले. पण मि. व्हिबर्ट, तुमच्या अर्जावरून ही शेवटची तारीख. आणि बाईंना शंका असेल तर त्यांनी खुशाल शेतावर जाऊन बघावं."

शनिवारी सकाळी अ‍ॅडेल मला साक्षीला घेऊन खरोखरच रोझेलला गेली. क्लेमां उतारावरून खाली येत होता, पण चालत नव्हे. चक्क बसून, टोपली पुढे ढकलत, घसरत घसरत.

अ‍ॅडेल आधी थक्क झाली, मग पोट धरून हसायला लागली. "अरे, तुझा गुडघा खरंच गेलाय की!"

"दोन अर्जांत तेच लिहिलं होतं ना!" तो खालून ओरडला.

"मला वाटलं, थापा मारतोयस."

"आणि मला वाटलं, तिसऱ्यांदाही गुडघाच सांगितला तर तू कबूल करून घेशील की मला शेती झेपत नाही. मग शेत गेलंच."

तिने कोट काढून माझ्या हातात दिला, फावडं उचललं आणि सरीत उतरली. दुपारी घरात नवे बटाटे उकडून, लोणी घालून खाताना दोघं वडिलांच्या जुन्या नावेवरून भांडत होती, पण तोंडभर हसत. ते भांडण मी नोंदवून घेतलं नाही.

तीन आठवड्यांनी दोघं एकाच बाकावर बसली. तडजोड ठरली होती: घर राखायचं, उतार शेजारच्या फर्नांदिश कुटुंबाला कसायला द्यायचा. फक्त कागद तयार व्हायला दहा दिवस हवे होते.

"मी शेवटची तारीख म्हटलं होतं," न्यायाधीश म्हणाले.

"ते त्याला, साहेब," अ‍ॅडेल म्हणाली. "मी अजून एकदाही मागितलेली नाही."

न्यायाधीश हसले आणि दहा दिवस दिले. जूनमध्ये सह्या झाल्या. ट्रस्ट सांभाळणाऱ्या विश्वस्तांनीही हुश्श केलं. त्या रविवारी अ‍ॅडेल समुद्राकडच्या खोलीत आपली शिवणयंत्रं घेऊन राहायला आली, आणि क्लेमांने तिला खिडकीपाशी टेबल सरकवून दिलं.