डिजिटलवरची पोरं

उचगावचा उदयसिंह काय करून खातो हे गावात कुणी विचारत नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. गोव्याची दारू. चोरून आणायची आणि हायवेवरच्या ढाब्यांना पोचवायची, एवढाच या मर्दाचा पराक्रम. पण गळ्यात बोटभर जाड साखळी, डोळ्यांवर गॉगल आणि मागंपुढं पोरांचा घोळका, म्हणून गाव त्याला दादा म्हणायचं. शेवंताबाईही म्हणायची. आता तो शब्द नुसता आठवला तरी तिचं तोंड कडू व्हायचं.

दारू ढाब्यांवर पोचते कशी, हे तिला स्वतःचं पोरगं धरल्यावर कळलं. नववीतला बुद्धभूषण शाळेच्या दप्तरात बाटल्या घालून निघाला होता आणि पोलिसांनी त्याला रस्त्यातच अडवलं. दप्तरात औषधालाही पुस्तक नव्हतं. मोठा माणूस सापडला तर तुरुंगात जातो, पोरगं सापडलं तर लवकर सुटतं, एवढं गणित त्या उदयसिंह बेण्याला बरोबर जमत होतं. दहावीला गणितातच पुन्हा पुन्हा गचकला होता, ते सोडा.

खुणा काय कमी होत्या? पायात नवे बूट आले. घरात कुणाकडं नसलेला मोबाईल पोराच्या खिशात आला, आणि तो वाजला की पोरगं भरल्या ताटावरून उठायचं. शाळेतून निरोप आला की भूषण येत नाही. विचारलं तर म्हणायचा, दादांचं काम हाय. आणि आईबाप काय करत होते? आईबाप डिजिटल बघत होते.

उदयसिंहाच्या वाढदिवसाचं ते डिजिटल गावच्या कमानीला टांगलेलं. दोन पुरुष उंच छापील फलक, त्यात हा गॉगल लावून, मोबाईल कानाला धरून उभा, जणू दिल्लीहूनच फोन आलाय. खाली शुभेच्छुक म्हणून गोल चौकटींत सात पोरांची तोंडं, प्रत्येकाखाली नाव. त्यांत भूषण. शेवंताबाईचा नवरा जोतीराम फौंड्रीतून घामाघूम होऊन यायचा, आणि घरी आलेल्या पावण्यांना घेऊन तसाच कमानीखाली जाऊन बोट करून दाखवायचा. त्यांच्या घरातलं तोंड एवढ्या उंचावर कधी लागलंच नव्हतं. शेवंताबाईनं तर त्या दिवशी शिरा केला होता. आठवलं की तिची तिलाच लाज वाटायची.

पोरगं धरलं तसे उदयसिंहानं ठाण्यात कानांवर हात ठेवले. असल्या पोराला मी ओळखतसुद्धा नाही, म्हणाला. आणि संध्याकाळी घरी येऊन, खुर्चीत ऐसपैस बसून जोतीरामला समजावू लागला की पोरानं बाटल्या आपल्याच होत्या म्हणावं, लहान आहे, सुटेल, पुढचं मी बघतो. जोतीराम मान डोलवत होता. त्याच्या त्या मानेकडं बघून शेवंताबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ठाण्यात वळखत न्हाईस, आन् माझ्या घरात च्या पितोस व्हय?" ती म्हणाली. "कप ठेव खाली."

उदयसिंह हसला. पण कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार फिरली. मुख्याध्यापकांना पोरापेक्षा शाळेच्या नावाची काळजी जास्त. गावच्या पुढाऱ्यांनी, पोरगं हाताबाहेर गेलं म्हणून चुकचुक केली. त्यांतल्या निम्म्यांचे घसे त्याच दारूनं ओले होत होते. एकानंही उदयसिंहाचं नाव तोंडातून काढलं नाही. पांढऱ्या कापडातली भित्री ढोरं सगळी.

माणूस भेटलं ते जिथं जायला ती सगळ्यात जास्त भीत होती तिथं. भूषणला कोल्हापुरातल्या निरीक्षणगृहात ठेवलं होतं. तिथं क्रांती मॅडम परिवीक्षा अधिकारी होत्या. पोरांची चौकशी करून बाल न्याय मंडळाला अहवाल देणं हे त्यांचं काम. त्यांनी आधी पाणी दिलं, मग बूट, मोबाईल, शाळा, सगळं विचारून घेतलं. पोरगं बिघडलं म्हणू नका, पोराला वापरलंय म्हणा, असं त्यांनी बजावलं. वकील फुकट मिळेल, शाळेशी मी बोलते, म्हणाल्या. अडचण एकच होती. भूषण काही बोलतच नव्हता. दादा मला न्यायला येणार आहेत, एवढंच त्याचं पालुपद. तो असाच गप्प राहिला तर सगळा गुन्हा त्याच्या एकट्याच्या नावावर पडणार होता. उदयसिंहाचा आणि त्याचा काही संबंध आहे हे सांगायला गावातून दुसरं कोण येणार?

शेवंताबाईला एकदम हसूच आलं. तो संबंध तर सगळ्या गावाच्या डोक्यावर टांगलेला होता की.

भर दुपारी ती स्टूल आणि विळा घेऊन कमानीखाली गेली. पानपट्टीवरची रिकामटेकडी माणसं आ वासून बघत राहिली. एकजण म्हणाला, वैनी, दादा काय म्हणेल. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दोऱ्या कापल्या, डिजिटल धुळीत पालथं पडलं, तसंच गुंडाळून काखेत मारलं आणि ती कोल्हापूरच्या बसमध्ये चढली.

मॅडमनी टेबल सरकवलं, भूषणला बोलावून घेतलं, आणि तिनं ते फरशीवर पसरलं. तेव्हा दिसलं. एका चौकटीवर दुसराच फोटो चिकटवला होता. पोरगं धरल्यावर डिजिटल उतरवायला हवं, एवढं त्या दीडशहाण्याला कळलं असणार. पण स्वतःचं तोंड खाली उतरवणं जिवावर आलं, म्हणून त्यानं फक्त भूषणचं तोंड झाकलं. खालचं नाव बदलायचासुद्धा आळस. बुद्धभूषण या नावाच्या वर हसत होता शेजारच्या पिराजीचा सार्थक, सहावीतला, अजून शेंबूड बाहीला पुसणारा.

भूषण खाली बसला. नखानं त्यानं फोटोचा कोपरा उचलला, आत स्वतःचं तोंड दिसलं, तसा सोडून दिला. मग सार्थकच्या तोंडावरची धूळ तळव्यानं पुसली. या पोराला सायकल त्यानंच शिकवली होती.

"मॅडम, मी सगळं सांगतो," तो म्हणाला. "पर आदी सार्थकच्या घरला कुनालातरी धाडा. आज बुधवार हाय. आज गोव्याचा टेम्पो येतोय, आन् बाटल्यांचं दप्तर त्येच्याकडं असनार."

मॅडमनी फोन उचलला. शेवंताबाई तोवर चपला घालून बाहेर पडलीसुद्धा होती. तिचं पोरगं चोर निघालं म्हणून पिराजीच्या बायकोनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. न बोलू दे. दार उघडलं नाही तर शेवंताबाई ते लाथेनं फोडणार होती.