दुर्गाबाईंच्या बोटाखालचे शब्द

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला लाकूड नाही, लोखंड नाही. मी ओळींचा बनलो आहे. त्या ओळी कॉम्प्युटरला कळतील अशा बांधल्या, की मी पडद्यावर खिडकी होऊन उघडतो. या बांधण्याला बिल्ड म्हणतात. माझं बिल्ड इतक्यांदा झालं आहे, की आता त्याचाही शीण येतो.

ज्या सकाळपासून सांगायला हवं, त्या सकाळी हडपसरच्या आमच्या घरात काही विशेष नव्हतं. मला लिहिणारे महिपतराव एका नव्या, म्हणजे कुणीतरी वापरून विकलेल्या कॉम्प्युटरपुढे बसले होते. जुना कॉम्प्युटर जळाला होता. मी पेन ड्राइव्हवर होतो म्हणून वाचलो. त्यांनी मला बिल्ड करायला घेतलं आणि पडद्यावर उत्तर आलं: हेडर फाइल सापडत नाही.

“घ्या. तुझी वाचा गेली तशी याचीही गेली,” ते बायकोला म्हणाले.

दुर्गाबाईंनी डाव्या हातानं टीव्हीचा रिमोट उगारला.

“मार, पण आल्यावर. या कॉम्प्युटरला स्पीकरच नाही, बुधवार पेठेतून आणतो. तोवर भांडण राखून ठेव.” असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

दुर्गाबाईंना लकवा झाला, तेव्हापासून त्यांना सगळं समजतं, पण तोंडून शब्द येत नाही. महिपतराव कारखान्यातून निवृत्त झालेले. पुस्तकं आणून, चुकत, चिडत ते शिकले आणि त्यांनी मला लिहिलं. माझ्या खिडकीत मोठी बटणं आहेत: चहा, पाणी, पंखा, दुखतंय. बटण दाबलं, की महिपतरावांच्या आवाजात तो शब्द ऐकू येतो. दुर्गाबाईंनी खुणेनं मागून घेतलेलं पहिलं बटण ‘पुरे’ हे होतं. “हे माझ्यासाठीच दिसतंय,” असं म्हणत महिपतरावांनी स्वतःला दटावणारा तो शब्द स्वतःच बोलून भरला. येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे. ते दिवस चांगले होते.

बुधवार पेठेतल्या दुकानाच्या काउंटरवर महिपतराव कोसळले. दुकानातल्या माणसांनी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून ते घरी आले नाहीत.

दुर्गाबाईंचे भाऊ हिंदुराव लोणीहून आले. त्यांनी भाचीला, पूर्णिमाला, बाहेरच्या खोलीत नेलं. “ताईला आत्ता काय बी सांगायचं न्हाय. तिला सोसायचं न्हाय. दवाखान्यात हायेत म्हनायचं.”

“किती दिवस, मामा?”

“बघू की. डोळं पुस आधी.”

पूर्णिमा कॉलेजात इतिहास शिकवते. ती रजा घेऊन आईजवळ राहिली. रोज सकाळी ती आईची वेणी घालायची, कपाळाला कुंकू लावायची आणि लगेच फणी धुवायला आत जायची. दुर्गाबाई दाराकडे बोट दाखवत. पूर्णिमा विचारी, “पाणी देऊ? पंखा लावू?” त्या मान हलवत. मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवत. माझ्यावाचून त्यांना बोलता येत नव्हतं. पूर्णिमा मला बिल्ड करायला बसली, ती त्या बोटामुळे.

आता हेडर म्हणजे काय ते सांगतो. खिडक्या आणि बटणं काढायची तयार अवजारं एका लायब्ररीत असतात. कोणत्या अवजाराचं नाव काय, त्याला काय पुरवायचं, हे हेडर फाइलीत लिहिलेलं असतं. ती वाचल्याशिवाय मला बांधणारा कंपायलर पुढे जात नाही. पूर्णिमानं इंटरनेटवरून ती एकच फाइल शोधली आणि माझ्या शेजारी ठेवली. त्या फाइलनं दुसरी मागितली. दुसरीनं आणखी मागितल्या. शेवटी तिनं खराडीच्या कंपनीत काम करणाऱ्या मैत्रिणीला, अस्मिताला, फोन लावला.

“एकेक हेडर उचलून आणतेस?” अस्मिता म्हणाली. “अगं, एकाला जेवायला बोलावलंस तर सगळी आळी दारात येणार. तुझ्याकडे लायब्ररी आहे, पण नुसती प्रोग्राम चालवण्यापुरती. बिल्ड करायला तिचं डेव्हलपमेंट पॅकेज वेगळं घालावं लागतं.”

“घातलं. तरी तेच म्हणतोय.”

“मग हेडर कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते सांग त्याला. कंपायलर स्वतःहून दोन गल्ल्या पलीकडे जाऊन बघत नाही.”

ती चूक गेली आणि नवी आली: आवाजाच्या लायब्ररीचा हेडर नाही. उपाय तोच होता आणि पूर्णिमाला आता तो येत होता. पण तिनं तो केला नाही. माझ्यातल्या आवाजाच्या ओळी तिनं एकेक करून बंद केल्या. महिपतराव जिथे बोलायचे त्या सगळ्या. मी बिल्ड झालो. खिडकी उघडली, बटणं दिसली. दुर्गाबाईंनी ‘चहा’ दाबलं. मी गप्प. त्यांनी पुन्हा दाबलं, मग माउसवरचा हात काढून घेतला आणि मुलीकडे पाहत राहिल्या. पूर्णिमानं चहा आणला. तो तसाच निवला.

मित्रांनो, मी थकलेला प्रोग्राम आहे, फार मागत नाही. आमच्या ओळी जपता, तसंच आम्हाला कोणते हेडर लागतात तेही लिहून ठेवत जा. लिहिणारा नेहमी विचारायला सापडतोच असं नाही. आणि बिल्ड अडतं म्हणून ओळ बंद करू नका. ती कुणालातरी हवी असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्णिमानं बंद केलेल्या ओळी उघडल्या. आवाजाच्या लायब्ररीचं पॅकेज घातलं, दुकानदारानं मागाहून घरी पोचवलेला स्पीकर जोडला. काम छोटं होतं, तिला फार वेळ लागला. मग तिनं आईची खुर्ची पडद्यापुढे ओढली आणि माउस तिच्या डाव्या हाताखाली दिला.

दुर्गाबाईंनी चहा मागितला नाही, पाणीही नाही. त्यांनी वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबलं.

“अहो,” महिपतरावांचा आवाज म्हणाला. नवऱ्याला हाक मारण्यासाठी त्यांनी ते करून घेतलं होतं. त्यात महिपतरावांचं हसू अर्धवट राहून गेलं आहे.

दुर्गाबाईंनी दाराकडे पाहिलं. त्यांनी दुसरं बटण शोधलं.

“कुठे?”

पूर्णिमानं टेबलाची कड धरली. इतके दिवस लोकांचे फोन आले, की पुढचं वाक्य तिनं मामालाच बोलायला लावलं होतं. ती खाली बसली, आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, “आई, बाबा गेले. त्या दिवशीच गेले. आता ते येणार नाहीत.”