कातडीकडून

"पाहुणी दिसली की यांच्या तोंडाला चाकं लागतात," सासूबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. राग पाहुणीवर नव्हता, हे सुनेला ठाऊक होतं.

पाहुणी म्हणजे शब्दकोशवाल्या बाई. मासेमारीतले शब्द गोळा करत घरोघर फिरायच्या. आज मागच्या खोलीत सासऱ्यांसमोर ऐसपैस मांडी घालून बसल्या होत्या. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. उद्या होडी सुटायची होती, आणि अण्णा लांब दोरीवरच्या दोनशे गळांना माशाचे तुकडे लावत होते.

बाईंनी विचारलं, याला तुम्ही आमिष म्हणता का? अण्णा हसले. आमिष पुढारी दाखवतात, आम्ही चारा लावतो, म्हणाले. बाईंनी समजावलं, जुन्या भाषेत आमिष म्हणजे साधं मांस. म्हणून तर मांस नसलेलं जेवण निरामिष. अण्णांचा हात क्षणभर थांबला.

"म्हणजे शब्द करणाऱ्याला धंदा कळत होता. मांसच सगळं काम करतं हो बाई. आपण फक्त ते गळाला टिकवायचं."

मग त्यांनी टिकवायचं कसं ते दाखवलं. तुकड्याला एका बाजूने कातडी ठेवायची, गळ कातडीतून आत घालायचा आणि पुन्हा कातडीतूनच बाहेर काढायचा. नुसत्या मांसात टोचला तर पाण्याच्या पहिल्या हिसक्याला तुकडा गेलाच. सून सात वर्षं हे बघत आली होती, तरी तिची नजर हटत नसे. न बघता, गप्पा मारत, एका दमात दोनशे गळ. अख्ख्या धक्क्यावर असा हात दुसरा नव्हता.

गेले दोन महिने मात्र अण्णा अंघोळीला गेले की सासू-सुना नुसत्या मांसात टोचलेले निम्मे गळ गुपचूप नव्याने लावत. अण्णांचा मुलगा होडीवर त्यांच्यासोबत असायचा, तोही मूग गिळून होता.

बाई लिहिता लिहिता थांबल्या. गळ अण्णांच्या अंगठ्यात रुतला होता, रक्त तुकड्यावर ओघळत होतं, आणि अण्णा रंगात येऊन बोलतच होते. सासूबाई फडकं आणायच्या निमित्ताने आत वळल्या. सुनेच्या डोळ्यांपुढे उद्याची होडी आली. भरधाव सुटलेल्या दोरीचा गळ असा हातात अडकला, तर दोरीबरोबर माणूसही पाण्यात.

ती पुढे झाली, अण्णांसमोर बसली आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"अण्णा, तुमच्या बोटांना आता काही कळत नाही. उद्या होडीवर जाऊ नका."