काठवटीतली गारगोटी

मी गारगोटी बोलतेय, आणि रागानंच बोलतेय. हजारो वर्षं मुकाट पडून राहिले. पण गेल्या अकरा दिवसांत जो जीव जळाला, तो तेवढ्या काळात कधी जळाला नव्हता.

तनुजाला वाटलं होतं, आमच्या डोंगरातल्या गुहेत चार हात खाली खणलं की चुलीची राख सापडेल, राखेखाली त्याहून जुनी चूल, आणि भोवती माणसांच्या हातची हत्यारं. सापडलं काय, तर खराट्यानं लख्ख झाडलेला कातळ, अगरबत्तीची रिकामी पाकिटं आणि भिंतीला टेकवलेल्या फरशीच्या थप्प्या. सोमवारपासून गुहेत फरशी बसणार होती. देवस्थान समितीचे प्रमुख अण्णाराव, म्हणजे तिचेच चुलते. ती उतरली होती त्यांच्याच घरी.

पोरगी वाढली नांदेडला, पुरातत्त्व शिकली सातासमुद्रापलीकडे. तिकडची नोकरी नाकारून आली. "आपल्या माणसांचं मूळ आपणच शोधायचं," असं पहिल्याच रात्री जेवताना म्हणाली, तेव्हा मला भरून आलं होतं. वाटलं, आली! मला ओळखणारी आली!

कुठलं काय. ती भाकरी खात होती आणि मी तिच्यापासून दोन हातांवर, पीठ मळायच्या काठवटीत पडले होते.

माझा जन्म त्याच गुहेच्या तोंडाशी झाला. एका बाईनं ओढ्यातून गारेचा गोळा आणला, दुसऱ्या दगडानं नेमका ठोका दिला आणि मी सुटून तिच्या मांडीवर पडले. दुसऱ्या ठोक्याला माझी बहीण सुटली. बाईनं माझ्या पाठीवर अंगठ्यापुरता खळगा पाडला आणि मला कामाला जुंपलं. कातडं खरवडायचं काम. आवडायचं मला ते. एक दिवस ती माणसं उठून गेली. आमच्यावर राख बसली, धूळ बसली, मेंढरांच्या लेंड्या बसल्या.

मग टोपल्या आल्या. इथल्या जुन्या घरांना माळवद असतं, लाकडावर मातीचं सपाट छत. पाऊस तोंडावर आला की त्याच्यावर नवी माती पसरायची. तीही जुन्या वस्तीची पांढरी माती, कारण ती पाणी खाली उतरू देत नाही. गावाजवळची पांढरी संपली तेव्हा बायांनी गुहा धरली. अण्णारावांची बायको साखराबाई तेव्हा नवी नवरी होती. तिच्या टोपलीतून मी अण्णारावांच्या माळवदावर गेले. माती पसरताना तिच्या टाचेला बोचले. तिनं मला उचललं, उलटंसुलटं केलं, आणि तिचा अंगठा बरोबर त्या खळग्यात बसला.

तेव्हापासून मी काठवटीला चिकटलेलं वाळकं पीठ खरवडते. चाळीस वर्षं झाली. तक्रार नाही. हात बदलला, काम तेच.

पण हे तनुजाला सांगायचं कसं? रोज सकाळी ती ब्रश, दोरी आणि मोजपट्टी घेऊन जायची आणि दिवेलागणीला तोंड पाडून यायची. मी काठवटीच्या कडेवर कर्रकर्र आवाज करायचे. एकदा तर ती वैतागून म्हणाली, "काकू, तो आवाज जरा बंद करा ना, डोकं उठलंय."

मला!

जेवायला गवंडी चांदपाशा असायचा. हदगावचा माणूस, जिभेला हाड नाही. शनिवारी रात्री म्हणाला, "बाई, अकरा दिवस झाले, तुम्ही कातळच झाडून राहिल्या. आमच्या घरी याल का? अंगण लई मोठं हाय."

अण्णाराव हसून म्हणाले, "तनू, एक तरी वस्तू दाखव. मग फरशीचं बघू. गावानं वर्गणी काढली, आता थांबवता येत न्हाई."

"वस्तू कुठून दाखवू काका? गुहा कुणीतरी खरवडून नेलीय! हजारो वर्षांचा पुरावा कुणी फेकून दिला?"

"फेकला न्हाई गं," साखराबाई मला काठवटीवर घासत म्हणाली. "तुझ्या डोक्यावर हाय."

तनुजानं वर पाहिलं. मग काकूच्या हाताकडं पाहिलं. तो हात थांबवून तिनं मला काढून घेतलं, काकूच्याच पदरानं पुसलं, उजेडात धरलं. "काकू, हे... हे माणसानं केलेलं आहे."

"मग काय बैलानं?" चांदपाशा म्हणाला.

माझा ऊर भरून आला. पण किती वेळ? तिनं कुठल्याशा सरांना फोन लावला. बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. फोन ठेवून म्हणाली, "थर माहीत नसला की हे काहीच सिद्ध करत नाही. जागेवरून हललेला दगड म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट."

अण्णारावांनी मला तळहातावर उडवलं. "असले वावरात लई पडलेत."

चाळीस वर्षं ज्यांच्या भाकरीची काठवट साफ केली, त्यांनी हे बोलावं! आणि जिला मूळ शोधायचं होतं, तिलाही मी नको, माझा पत्ता हवा.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, साखराबाईच तिच्याबरोबर गुहेत गेली. मी तनुजाच्या खिशात होते. मागच्या भिंतीला एक हातभर रुंद, गुडघाभर उंच मातीचा ओटा होता. त्याच्यावर हळदकुंकू, नारळ. देवीची जागा म्हणून तनुजानं तिकडं पाहिलंही नव्हतं.

"ही तेवढी कुणीच न्हेली न्हाई," साखराबाई म्हणाली. "सासू सांगायची, पांढरीची सगळी माती न्हिऊ न्हाई. थोडी आईला ठेवायची."

तनुजा ओट्यापाशी गुडघ्यांवर बसली. न हललेली माती. तळापासून वरपर्यंत. तिनं खुरप्यासारखं एक छोटं हत्यार काढलं.

"हां हां! हात लावू नको."

"काकू, उद्या फरशी बसली की हे कायमचं गेलं! आजच काढायला हवं. यात सगळी उत्तरं आहेत."

"सगळी काढणार?"

"हो, सगळी."

"मग तुझ्यात न् आमच्यात फरक काय, बाई? आम्ही अडाणी, तरी एवढी ठिवली."

तनुजा रागावली, भांडली, कायदा सांगितला, विज्ञान सांगितलं. साखराबाई ओट्यापुढं मांडी घालून बसली ती उठलीच नाही. संध्याकाळी दोघी घरी आल्या. तनुजा जेवली नाही. मला मात्र खिशातून काढून परत काठवटीत ठेवलं. का, ते मला कळलं नाही.

सकाळी चांदपाशा सिमेंट कालवायला पोचायच्या आत ती गुहेत होती, मी परत तिच्या खिशात. ओट्याची फक्त पुढची कड तिनं ब्रशनं हलकेच साफ केली. राखेच्या रेघा दिसल्या, एकाखाली एक. खालच्या रेघेत गारेची चकचकीत धार बाहेर डोकावत होती. तिनं मला तिच्याशेजारी धरलं. तोच रंग, तीच पांढरी शीर.

माझी बहीण! उपट तिला, दे माझ्याजवळ, असं मी ओरडत होते. नेहमीप्रमाणे कुणाला ऐकू गेलं नाही.

तनुजानं तिला उपटलं नाही. फोटो काढले, मोजलं, कागदावर रेघन् रेघ उतरवली. मग आपली मोजायची दोरी ओट्याभोवती ताणून बांधली आणि दारात आलेल्या अण्णारावांना म्हणाली, "काका, माझं खोदकाम बंद. हे मी काढणार नाही. पण फरशी या दोरीच्या अलीकडं."

अण्णारावांनी दोरीकडं पाहिलं, मग मागं कमरेवर हात ठेवून उभ्या बायकोकडं. "चांदपाशा," ते खाकरले, "दोरीच्या अलीकडं."

तनुजानं मला एका छोट्या पिशवीत घातलं. चिठ्ठीवर थराच्या जागी लिहिलं, 'साखराबाईंची काठवट. त्याआधी माळवद. त्याआधी ही गुहा.'

पत्ता मिळाला मला. आता काठवट कोण खरवडणार, हे मात्र कुणीच विचारलं नाही.