भाषण सुरू झालं की बंद होणारा दरवाजा

माझी एक बाजू उबदार असते आणि दुसरी गार. बर्मिंगहॅममधल्या एका जुन्या कम्युनिटी हॉलचा मी दरवाजा. जाड लाकडाचा, वर छोटीशी काच असलेला. मला घडवणाऱ्या सुताराला एवढंच सांगितलं होतं की वारा आत येता कामा नये. ते काम मी अजून करतो.

बाहेरून माझ्यावर 'ओढा' असं लिहिलंय, तरी माणसं आधी ढकलतातच. डॉक्टर ढकलतात, शिक्षक ढकलतात, रविवारी वंदनेला येणारी मंडळीही ढकलतात. राजेंद्रकाका मात्र कधी चुकत नाहीत. ते पक्षाच्या इथल्या शाखेचे सेक्रेटरी. सभा असली की ते माझ्याजवळ उभे राहतात आणि पक्षाचं सभासद कार्ड बघून मतपत्रिका देतात.

यंदा पक्षाला महापौरपदासाठी उमेदवार निवडायचा होता. हिवाळाभर एकेका शाखेत मतं पडत होती. शेवटी दोघी उरल्या, नीना आणि राजेंद्रकाकांची मुलगी कल्याणी. दोघींनी जिंकलेल्या शाखांची संख्या सारखीच होती. राहिली होती फक्त आमची.

"काकांना दारावर ठेवू नका," कुणीतरी म्हणालं.

"असू देत," नीना म्हणाली. "ते स्वतःच्या सावलीलाही कार्ड विचारतील."

सगळे हसले. काका हसले नाहीत.

नियम साधा होता. पहिलं भाषण सुरू झालं की मला लावायचं. ज्याने दोघींचं पूर्ण ऐकलं नाही, त्याला मत नाही.

नीना बोलायला उभी राहिली आणि काकांनी मला लावलं. तिचं पहिलं वाक्य संपतंय तोच बाहेरून थाप पडली. काचेत भीमाबाई दिसल्या, काकांची आई. त्यांना धाप लागली होती. काकांनी मला थोडंसं उघडलं.

"बस मध्येच बंद पडली रे राजू. सरक तिकडे."

"आई, भाषण सुरू झालंय."

"मग?"

"आत येऊन बस. पण मत नाही देता येणार."

"नातीला मत द्यायला आलेय मी. नुसतं बसायला घरी सोफा आहे."

कल्याणीच्या बाजूचे विष्णू शेजारीच उभे होते. ते कुजबुजले, "एकच वाक्य झालंय, राजेंद्र. हू इज काउंटिंग?"

"झालंय ना पण," काका म्हणाले.

"राजू, तू त्या पोरीचा बाप आहेस."

"म्हणूनच, आई."

त्यांनी मला पुन्हा लावलं. 

भीमाबाई गेल्या नाहीत. माझ्यावर पंजा टेकवून, कान लावून उभ्या राहिल्या. नीना बोलत होती तोवर पंजा स्थिर होता. मग कल्याणी उठली. कौन्सिलच्या भाड्याच्या घरांतल्या ओल्या भिंतींबद्दल, त्या घरांतल्या खोकणाऱ्या मुलांबद्दल बोलू लागली. आत टाळ्या पडल्या की बाहेरची बोटं माझ्यावर हळूच वाजत. आतून काकांची पाठ मला टेकलेली होती. दोघांच्या मध्ये फक्त मी. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझा जाडपणा आवडला नाही.

मोजणी झाली. कल्याणी एका मताने हरली.

तिने नीनाशी हात मिळवला, कोट घेतला आणि माझ्यापाशी आली.

"बाबा, आजी आली नाही?"

"आली होती. उशिरा. बाहेर आहे."

"तुम्ही तिला..." तिने वाक्य सोडून दिलं आणि मला ढकललं.

भीमाबाईंना काही सांगावं लागलं नाही. नातीचा चेहरा बघूनच त्यांनी तिला जवळ घेतलं. मग त्यांचं लक्ष काकांकडे गेलं. काका माझी कडी धरून उभे होते, सोडतच नव्हते.

"तोंड पाडू नकोस," त्या म्हणाल्या. "मी नीनालाच देणार होते. बस वेळेवर आणीन म्हणाली ती."

कल्याणी रडता रडता हसली. "चला बाबा, गार आहे," ती म्हणाली, पण त्यांच्याकडे न बघता. काकांना आईचं म्हणणं खरं वाटलं की नाही, ते मला कळलं नाही. मला खरं काय ते ठाऊक आहे, पण मी कुणाला सांगणार?

आता माझा रंग उडालाय, बिजागऱ्या कुरकुरतात. काका अजून माझ्याजवळच उभे राहतात. सभा असली की ते आधी बसस्टॉपपर्यंत चालत जाऊन बघून येतात, कुणी येतंय का. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. मत द्यायला यायचं असेल, तर घरातून जरा लवकर निघा.