बिंदूचं जावळ

माझा भाऊ यज्ञेश्वर इंग्रजी शाळेत संस्कृत शिकवायचा, म्हणून काशीतल्या आमच्या ब्रह्मा घाटावरच्या घरात शनिवारी अर्धी आणि रविवारी पुरी सुट्टी असायची. भिक्षुकांच्या आळीत ही साहेबी चाल लोकांना खुपायची. त्या आठवड्यात मात्र आम्हालाच ती सुट्टी फार आखूड वाटली. सोमवारी सकाळी बिंदूला दत्तक द्यायचं होतं.

बिंदू, म्हणजे बिंदुमाधव, यज्ञेश्वराचा धाकटा, साडेतीन वर्षांचा. घेणारे विश्वेश्वरदादा आमचे मामेभाऊ, ग्वाल्हेरचे. आमचे वडील गेल्यावर यज्ञेश्वराचं शिक्षण त्यांनीच केलं. त्यांना मूलबाळ नाही. त्यांनी शब्द टाकला आणि नाही म्हणायला यज्ञेश्वराची जीभ रेटली नाही. "थोरला विष्णु आहेच की," असं जो तो माझ्या भावजयीला, कालिंदीला, सांगायचा. मुलं म्हणजे काय पानातल्या पुरणपोळ्या आहेत, एक उचलली तरी दुसरी आहे म्हणायला? पण हे मी मनातल्या मनात म्हटलं. विधवा बहिणीने भावाच्या घरात किती बोलावं, याला माप असतं.

यज्ञेश्वराने ठरवलं, दोन दिवसांत पोर मागेल ते दाखवायचं. शनिवारी शाळेतून आला तो पगडीसुद्धा न उतरवता एक्का ठरवून सगळ्यांना दुर्गाकुंडाला घेऊन गेला. माकडाने बिंदूच्या हातातले चणे पळवले, तर हा रडायचं सोडून त्याला द्यायला आणखी चणे मागू लागला. रविवारी पहाटे नावेतून रामनगर, राजाचा हत्ती बघायला. हत्तीने सोंड वर केली की यज्ञेश्वर बिंदूपेक्षा मोठ्याने हसायचा. मला त्याचा संताप येत होता. पोराला कुठला फिरवतोय, आपल्या मनावरचं ओझं उतरवतोय झालं.

परतताना नावेत बिंदू माझ्या मांडीवर झोपला. खांद्यापर्यंत आलेले त्याचे केस वाऱ्याने तोंडावर येत होते. तिसऱ्या वर्षी त्याचं जावळ करायचं, पण विश्वेश्वरदादांनी पत्र धाडून ते थांबवलं होतं. पहिले केस आमच्याकडे, आमच्या गोत्रात उतरू द्या, असं त्यांचं म्हणणं.

"वन्सं," कालिंदीने हळूच विचारलं, "जावळ आपल्याकडेच झालं असतं तर?"

"मग कुठलं दत्तक! जन्मगोत्रात जावळ झालं की मूल बाहेर देता येत नाही. बाबा सांगायचे."

मी शास्त्र्याची लेक खरी, पण माझं शास्त्र माजघरात जेवढं ऐकू येई तेवढंच. तरी ठसक्यात सांगायची मला खोड होती.

शिंदे घाटाला नाव लागली. पाण्यात कललेलं देऊळ बिंदूला जवळून बघायचं होतं. "तुम्ही व्हा पुढे, मी आणते त्याला," कालिंदी म्हणाली. आम्ही घरी आलो.

दिवेलागणीला ती परतली. बिंदूच्या डोक्याचा गोटा केलेला, मागे बोटभर शेंडी. तो धावत आला आणि पदराखाली हात घालून माझ्या केशवपन केलेल्या डोक्यावरून फिरवत म्हणाला, "आत्या, देख! नाऊने साफ कर दिया. तुझ्यासारखं!"

मी त्याचा हात काढून पदर पुढे ओढला.

"जावळ झालं," कालिंदी यज्ञेश्वराला म्हणाली. मान ताठ होती. "आपल्या गोत्राचं नाव घेऊन मी केस गंगेत सोडले. आता नाही देता यायचा त्याला."

यज्ञेश्वर पांढराफटक पडला. तरी त्याच्या चेहऱ्यावर मला क्षणभर सुटका दिसली. तो तसाच दूधविनायक मोहल्ल्यात गेला आणि वेणीमाधवशास्त्र्यांना घेऊन आला. उद्याचा विधी तेच चालवणार होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बिंदूला जवळ घेऊन त्याचं डोकं आणि शेंडी नीट पाहिली.

"संकल्प नाही, होम नाही, बापाने मंत्र म्हटले नाहीत," ते म्हणाले. "बाई, हा संस्कार नव्हे. न्हाव्याने केस काढले, इतकंच. उद्याचं काही अडत नाही."

कालिंदीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळच्या गाडीने दादा आणि त्यांची बायको आली आणि यज्ञेश्वराने दादांच्या हातावर पाणी सोडून मुलगा दिला. विश्वेश्वरदादांच्या बायकोने त्याला मांडीवर घेतलं आणि तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "वाढतील हो केस. मग थाटात करू जावळ." बिंदूला आगगाडीत बसायला मिळणार होतं, तो खुशीत होता. एक्क्यात चढवताना त्याने विचारलं, "आई, हत्ती पण येणार?"

एक्का वळणाआड गेल्यावर मी घरात आले. कालिंदी जमिनीवर बसून बिंदूचा कालचा अंगरखा उलटा करून शिवण न् शिवण चाचपत होती.

"काय शोधतेस गं?"

"एखादा केस अडकला असेल तर." तिने वर पाहिलं नाही. "सगळे सोडले हो वन्सं गंगेत. एक बट जरी मागे ठेवली तर जावळ अपुरं राहील, असं वाटलं मला."

मी तिच्याशेजारी बसले आणि दुसरी बाही उलटी करून बघू लागले.