काखेतला खिसा

खर्ड्याहून आलेलं दमयंती या जुन्या विद्यार्थिनीचं पत्र नृसिंहराव गुरुजींनी खूण म्हणून एका पुस्तकात घातलं, आणि त्यानंतर अकरा दिवस ते पुस्तक उघडलं नाही. उघडायची गरजही नव्हती. पत्र पाठ झालं होतं.

"गुरुजी, महाराजांची नाडी थांबली तेव्हा मनगट तुम्ही धरलं होतं, असं इथे सगळे सांगतात. महाराज म्हणतात, श्वास थांबवता आला की दमा जातो, पण आधी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या. माझी लीना आठ वर्षांची आहे. परवा धाप लागून तिचे ओठ निळे पडले होते. गोळ्या बंद करू का? तुम्ही म्हणाल तसं करीन."

मनगट त्यांनीच धरलं होतं. केडगावच्या देवळापुढे त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. भगव्या कफनीतले प्राणानंद महाराज म्हणजे त्यांचा जुना सोबती शामकांत. तरुणपणी दोघांनी एक जुना तंत्रग्रंथ मिळून वाचला होता. श्वास आत जातो, वळतो, बाहेर येतो. त्या वळणावर नुसतं लक्ष ठेवायचं, मन आपोआप निवतं, एवढंच त्यात सांगितलं होतं. नृसिंहराव अजून रोज सकाळी तसे बसत. मन कधी निवे, कधी भाजीला काय आणायचं याचा विचार करत राही. शामकांत मात्र वीस वर्षं गायब होता.

"प्राण माझा गडी आहे," महाराज गर्दीला सांगत होते. "बस म्हटलं की बसतो, ऊठ म्हटलं की उठतो. यमाचं बोलावणं आलं तर सांगतो, आज सवड नाही, उद्या या. खोटं वाटतं? मग गुरुजींना विचारा. या माणसानं जन्मात खोटं बोललेलं नाही."

नृसिंहरावांनी नाडी धरली. ती बारीक झाली, आणि गेली. "थांबली," ते पुटपुटले. शिष्यांनी तो शब्द पार खर्ड्यापर्यंत नेला.

शामकांत खरोखर पलीकडे पोचला, आपण मात्र भाजीतच राहिलो, असं त्यांना वाटलं होतं. मग 'गोळ्या सोडू नकोस' असं कोणत्या तोंडानं लिहायचं? आणि 'सोड' असं लिहायला हात धजेना.

बाराव्या दिवशी ते कोटाचं अस्तर शिवून घ्यायला नियाज शिंप्याकडे गेले. लढाईमुळे कापड कंट्रोलवर होतं, मोजूनमापूनच मिळे. नियाज चिंध्यासुद्धा जपून ठेवी.

"गुरुजी, तुमचे दोस्त न्यारेच हायेत," तो दोरा ओवत म्हणाला. "हितं सदऱ्याला कापड न्हाई, अन् त्यांनी कफनीला दोन्ही काखंत खिसं लावून घेतलं. म्या म्हनलं, महाराज, काखंत हात कसा जानार? तर म्हनं, अंगारा ठेवायचा हाय."

नृसिंहरावांनी समोरचं दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ उचललं, सदऱ्याच्या आत काखेत धरलं आणि दंड अंगाशी घट्ट दाबला.

"नियाज, माझी नाडी बघ."

नियाजनं मनगट धरलं. दोनदा बोटं सरकवली. "लागंना की ओ," तो म्हणाला. "तुमी बी महाराज झाला."

नृसिंहराव हसले नाहीत. शामकांतनं साक्षीला आपल्यालाच का निवडलं, हे त्यांना आता कळलं. काखेत रीळ आणि समोर खोटं न बोलणारा माणूस, दोन्ही सारख्याच गरजेची.

संध्याकाळी देवळापुढे पुन्हा गर्दी होती. आजवर ते वर्गाबाहेर चारचौघांत कधी बोलले नव्हते. ते नियाजला घेऊन पुढे गेले आणि गर्दीत शेजारी उभ्या असलेल्या कडूबाईला म्हणाले, "बाई, माझी नाडी धरता का?"

"माझं काय जातंय," म्हणत तिनं मनगट धरलं. जरा वेळानं तिचे डोळे मोठे झाले. "अगं बया. गुरुजीबी थांबलं."

त्यांनी हात वर केला. रीळ टपकन खाली पडलं. "आता?"

"चालाय लागली."

"मला समाधी लागलेली नाही," नृसिंहराव म्हणाले. "मला घाम फुटलाय. काखेत लाकूड दाबलं की हाताचं रक्त अडतं, म्हणून मनगटात नाडी लागत नाही. काळीज चालूच असतं. त्या दिवशी मी पाहिलं फक्त मनगट, आणि तुम्हाला वाटू दिलं की प्राणच थांबला. चूक माझी आहे."

"नास्तिकाची सावली पडली," महाराज म्हणाले. "आज प्राण रुसला."

"रुसू द्या, पर हात तेवढं वर करा," कडूबाई म्हणाली. महाराजांचे हात हलेनात. तशी ती मंचावर चढली, नियाजनं शिवलेल्या खिशात तिनं बोटं घातली आणि एक गुळगुळीत लाकडी गोळा काढून वर धरला. "ह्यो बघा म्हाराजांचा प्राण."

लोक हसले. काही जण हसले नाहीत. औषध बंद केलेल्या आपल्या घरच्या आजारी माणसाकडे ते तसेच निघून गेले.

देवळामागे शामकांत त्यांना म्हणाला, "माझ्यावर कोणाचा विश्वास होता? तुझ्यावर होता. बुडालास तूही."

"हो," नृसिंहराव म्हणाले. "पण तू त्या पोरीच्या गोळ्या बंद करायला सांगितल्यास. आपण वाचलं त्यात हे कुठं होतं रे?"



घरी येऊन त्यांनी पुस्तक उघडलं.

"चि. दमयंतीस आशीर्वाद. गोळ्या बंद करू नकोस. केल्या असतील तर हे वाचताच सुरू कर आणि लीनाला डॉक्टरांकडे ने. नाडी थांबली नव्हती, मी फसलो. श्वासाकडे शांतपणे लक्ष दिलं तर जीव थोडा निवतो, याहून जास्त मला त्यातलं काही कळत नाही. औषधाचं काम त्यानं होत नाही. यापुढे कोणी चमत्कार दाखवला तर तो कसा केला ते आधी विचार. मी सांगितला तरी विचार. उत्तराला बारा दिवस लावले, त्याची माफी मागायला मला तोंड नाही."

पत्र पेटीत टाकलं, तरी सकाळची डाक निघेपर्यंत ते पोस्टाच्या पायरीवर बसून होते. रोजच्या सवयीनं लक्ष श्वासाकडे गेलं. मन काही निवलं नाही.